मनगटावरची मुद्रा

आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आम्हांस पोंचलें. बाईंचे कन्या-जांवई अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात व बाईहि सध्यां तिकडेच आहेत. येत्या सुटींत सर्वांनीं मिळून फ्लॉरिडा राज्यांतील ऑर्लँडोजवळचें ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ हें प्रचंड क्रीडोद्यान पाहावयास जावें असा बेत ठरला आहे. बेत ठरला, विमानाचीं तिकिटें निघालीं, आणि मग घरांत एका लहानशा वस्तूवरून वाद उत्पन्न झाला. ती वस्तु म्हणजे मनगटावर बांधावयाचा एक पट्टा. तिकडे त्यास ‘मॅजिकबँड’ म्हणतात. जांवईबापूंनीं घरांतल्या प्रत्येकासाठीं एकेक पट्टा घ्यावयाचें ठरविलें. सहा वर्षांच्या नातीसाठीं गुलाबी रंगाचा. मुलगी म्हणते, मोठ्यांनीं काय तें बांधावें, पण लेकराच्या हातांत हें नको. जांवईबापू म्हणतात, सगळें जग बांधतें, आपणच काय आभाळांतून पडलों? दोघेंहि शहाणीं, दोघेंहि मुलीवर जीव टाकणारीं. बाई लिहितात, “गुरुजी, तुम्हीं जन्मभर दुसऱ्यांचीं मुलें सांभाळलींत, सहलींस नेलींत. तुम्ही आमच्या जागीं असतां तर काय केलें असतें?”

पत्राचें उत्तर खासगी रीतीनें धाडतां आलें असतें. परंतु ज्या घरीं हें मासिक जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांतलीं मुलें आज सातासमुद्रांपलीकडे संसार करीत आहेत, आणि आजीआजोबांच्या परदेशवारींत असल्या एखाद्या उद्यानाची फेरी हटकून असते. तेव्हां हा प्रश्न एका घराचा नाहीं असें समजून आम्ही तो या पानावर घेत आहों.

प्रथम वस्तु काय आहे तें नीट पाहूं. कारण न पाहतांच नांवें ठेवणें हा आमच्या पिढीचा दोष तरुण मंडळी नेहमीं दाखवितात, आणि तो अगदींच खोटा नाहीं.

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलें. आरंभ एका उद्यानानें झाला. आज तेथें चार मोठीं उद्यानें आणि अनेक हॉटेलें सुमारें चाळीस चौरस मैलांच्या आवारांत पसरलेलीं आहेत. त्यास उद्यान म्हणण्यापेक्षां लहानसें शहरच म्हणावें. अशा ठिकाणीं कुटुंब घेऊन गेलेल्या गृहस्थास पूर्वी किती वस्तू जपाव्या लागत! आंत शिरण्याचें तिकीट, हॉटेलच्या खोलीची किल्ली, पैशाचें पाकीट, लांब रांग टाळण्यासाठीं मिळालेली वेळेची चिठी आणि छायाचित्रवाल्यानें दिलेला क्रमांक. २०१३ सालीं कंपनीनें हा पट्टा काढला आणि या पांचहि वस्तूंचें काम एकट्याकडे सोंपविलें. पट्टा व त्यामागील एकंदर योजना यांस सुमारें शंभर कोटि डॉलर खर्च आल्याचें त्या काळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें.

या पट्ट्याच्या पोटांत दोन निरनिराळीं साधनें असत, आणि त्यांतील भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पहिलें साधन म्हणजे एक चिप. तिला स्वतःची वीज नसते. वाचणाऱ्या यंत्राच्या दोनचार बोटें जवळ नेली म्हणजे त्या यंत्राच्याच लहरींतून तिला शक्ति मिळते आणि ती आपला अंक सांगते. फाटकाशीं, खोलीच्या दाराशीं आणि दुकानांत हिचेंच काम. येथें मनुष्य स्वतः हात पुढें करतो. दुसरें साधन म्हणजे बॅटरीवर चालणारा एक इवलासा प्रक्षेपक. तो कांहीं अंतरावरूनहि ओळखतां येतो. त्यासाठीं हात पुढें करावा लागत नाहीं. पाळण्यांत वा गाडींत बसल्या बसल्या घेतलेलें छायाचित्र आपोआप त्या त्या कुटुंबाच्या खात्यांत जाऊन बसे, तें याच्या साहाय्यानें. २०२२ च्या जुलैमध्यें जो नवा पट्टा निघाला त्यांत ब्लूटूथ असून त्याची बॅटरी पुन्हा भरतां येते; तो प्रसंगीं चमकतो व थरथरतोहि.

पट्ट्यांत माणसाचें नांव, पत्ता, वय यांपैकीं कांहीं नसतें असें कंपनी सांगते, आणि तें खरें आहे. त्यांत केवळ एक अंक असतो. नांव, पत्ता आणि वय कंपनीच्या वहींत असतात, आणि तो अंक म्हणजे त्या वहींतील पानाचा क्रमांक होय.

आतां सोयीविषयीं. ही सोय लहान नाहीं, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. कडेवर झोंपलेलें मूल, दुसऱ्या हातांत पिशवी, दिवसभर चालून पाय भरून आलेले, अशा अवस्थेंत रात्रीं दहा वाजतां खोलीच्या दाराशीं उभ्या असलेल्या आईला किल्ली धुंडाळावी लागत नाहीं. मनगट दाराशीं नेलें कीं दार उघडतें. ही सोय जो हिणवील त्यानें कधीं झोंपलेलें मूल कडेवर घेतलेलें नसावें. आणि मुलांची मौज तर विचारूंच नका. तेथें ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ नांवाची होडींतली एक सफर आहे. होडी परत फिरतांना समोरच्या पडद्यावर त्यांतील मंडळींचीं नांवें उमटून त्यांस निरोप मिळावा, अशी व्यवस्था या पट्ट्यांच्या आधारें तेथें करण्यांत आली. आपलें नांव अशा रीतीनें उमटलेलें पाहून सहा वर्षांची पोर टाळ्या पिटील यांत नवल काय?

परंतु आपल्याकडे देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरांतहि उजेड पाडतो आणि अंगणांतहि. हा पट्टा तसाच आहे. तो पाहुण्याची वाट उजळतो, आणि त्याच उजेडांत कंपनीस पाहुणा दिसतो. तो कोणत्या फाटकानें केव्हां आला, कोणत्या खेळांत बसला, काय खाल्लें, काय विकत घेतलें, या सर्वांची नोंद होऊं शकते. तिचा चांगला उपयोगहि आहे. गर्दी कोठें तुंबली, कोठें माणसें वाढवावीं, हें व्यवस्थापकांस त्यावरून कळतें. पण उपयोग चांगला असला तरी नोंद ती नोंदच.

पूर्वी असें नव्हतें. याच कंपनीचें पहिलें उद्यान, कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. तेथें लवकरच कूपनांचीं पुस्तकें मिळूं लागलीं, आणि पुढें त्या कूपनांचे ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत पांच वर्ग झाले. सर्वांत मोठ्या खेळास ‘ई’ वर्गाचें कूपन लागे. १९८२ सालीं ही पद्धत संपली. हें कूपन फाडून घेणाऱ्या माणसास एवढेंच कळे, कीं या खेळाचे पैसे आलेले आहेत. ते कोणाचे, हें त्यास कळत नसे आणि कळण्याची गरजहि नसे. मुलगा झारखंडचा कीं जपानचा, काल आला होता कीं नाहीं, त्याच्या आईनें कालच्या दिवसांत किती खर्च केला, यांतलें कांहींच त्या कागदाच्या तुकड्यास ठाऊक नव्हतें. तेव्हां परवाना दोन जातींचा असतो. एक केवळ हक्क सांगतो. दुसरा हक्काबरोबर माणूसहि सांगतो. दार उघडण्यास पहिल्यानें भागतें. दुसऱ्यामध्यें जें अधिक असतें, तें दारासाठीं नसून वहीसाठीं असतें. आमच्या मतें साऱ्या वादाचें मूळ या एका भेदांत आहे.

हा भेद कांहीं आजचा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. त्यानें एक माषक घेऊन मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना, द्यावयाचा. ज्यापाशीं मुद्रा असेल त्यानेंच देशांत यावें वा देशाबाहेर जावें. आणि देशवासी मनुष्य मुद्रेवांचून सांपडला तर त्यास बारा पण दंड. राज्य चालवावयाचें तर परवाना हवा, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें. परंतु परवान्याचा धोकाहि त्यांनीं तितकाच ओळखला होता, आणि त्यावर विशाखदत्तानें ‘मुद्राराक्षस’ हें सबंध नाटक रचलें.

त्या नाटकाचें संविधानक ज्यांनीं शाळेंत वाचलें असेल त्यांसहि एक लहान गोष्ट बहुधा आठवत नसेल. अमात्य राक्षस पाटलिपुत्र सोडून जातांना त्याच्या पत्नीनें आठवण म्हणून त्याच्या बोटांतली नाममुद्रा ठेवून घेतली. ती आपल्या मुलासह चंदनदास नांवाच्या मित्राच्या घरीं लपून राहिली. चाणक्याचा हेर यमपट दाखविणाऱ्याच्या सोंगानें त्या घरीं शिरला आणि गाणीं म्हणूं लागला. तेव्हां पांच वर्षांचें तें मूल, मुलें ज्या कुतूहलानें धांवतात त्याच कुतूहलानें, दाराबाहेर धांवलें. आईनें घाबरून हात पुढें करून त्यास आंत ओढलें. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची. ती तिच्या बोटांतून निसटली आणि गडगडत हेराच्या पायाशीं येऊन पडली. पुढें चाणक्यानें त्याच मुद्रेनें एक खोटें पत्र मुद्रित करविलें, आणि त्या पत्रामुळें मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडून त्याचे सारे बेत धुळीस मिळाले.

या माउलीचा दोष काय? कांहीं नाहीं. मूल दाराबाहेर जात होतें, तिनें तें आंत घेतलें. प्रत्येक आईनें हेंच केलें असतें. ओळख पटविणारी वस्तु हातांत असतांना जो घात होतो, तो बहुधा ती वापरतांना होत नाहीं. तो पुढें केव्हां तरी, दुसऱ्याच ठिकाणीं, तिसऱ्याच्या हातून होतो. म्हणूनच तो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, आणि म्हणूनच जांवईबापूंस, ‘यांत बिघडलें काय?’ हा प्रश्न प्रामाणिकपणें विचारतां येतो.

हीच शंका अमेरिकेंतील लोकप्रतिनिधींसहि आली होती. ही योजना जाहीर झाली त्याच महिन्यांत, म्हणजे २०१३ च्या जानेवारींत, मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड मार्की यांनीं कंपनीचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांस पत्र लिहून विचारलें, कीं पाहुण्यांची, आणि विशेषतः मुलांची, कोणती माहिती तुम्ही गोळा करणार व तिचें काय करणार? आयगर यांचें उत्तर आलें तें चांगलेंच रागावलेलें होतें. त्यांचें म्हणणें, ही योजना ऐच्छिक आहे. मुलांच्या सहभागाचा निर्णय सर्वस्वीं आईबापांचा आहे. तेरा वर्षांखालील मुलांची खासगी माहिती आम्ही त्यांस माल विकण्यासाठीं वापरीत नाहीं, आणि इतरांच्या विक्रीसाठींहि देत नाहीं.

या शब्दावर अविश्वास दाखविण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु शब्द आणि अटी या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि अटी बदलतात. तेथील हॉटेलांत उतरणाऱ्यांस हा पट्टा २०२० च्या अखेरपर्यंत फुकट मिळे. १ जानेवारी २०२१ पासून तो विकत घ्यावा लागूं लागला. रांग टाळण्याची जी व्यवस्था या पट्ट्यावर चाले ती जादा पैसे न घेतां मिळे. २०२० च्या साथींत ती बंद पडली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरांत तिच्या जागीं मोबाईलवरची दुसरी, वेगळें मोल मागणारी व्यवस्था आली. यांत कोणी कोणास फसविलें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. धंदा आहे, काळाप्रमाणें तो बदलणार. पण सोयीच्या अटी जर आठ वर्षांत इतक्या बदलतात, तर वहीच्या अटी साठ वर्षें तशाच राहतील असें कोण सांगूं शकेल? आणि सहा वर्षांच्या मुलीपुढें, देवाच्या कृपेनें, साठांहून अधिक वर्षें आहेत. मोठा मनुष्य पट्टा बांधतो तेव्हां स्वतःचा विचार करून बांधतो. चुकला तर आपल्या चुकीनें चुकतो. या मुलीचें मात्र, आपलें नांव नीट लिहावयास शिकण्यापूर्वींच, तिच्या नांवाचें पान दुसऱ्याच्या वहींत उघडलें जातें. तें उघडणारे हात आपले असतात. म्हणून तिच्या आईचा अडखळा आम्हांस वेडगळ वाटत नाहीं.

येथें जांवईबापू म्हणतील, “गुरुजी, त्या गर्दींत पोर हरवली तर?” हा प्रश्न आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं, कारण त्या भीतीची ओळख आम्हांस आहे. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपलें मूल या क्षणीं कोठें आहे हें आईबापांस दाखविणारें हें यंत्र नव्हे. उपग्रहाकडून जागा ठरविण्याचें साधन त्यांत नाहीं. मूल सांभाळण्याचें काम पट्ट्यानें आपल्या अंगावर घेतलेंच नाहीं. तें आपण मनानेंच त्याच्या गळ्यांत घालतों आणि निर्धास्त होतों. ही निर्धास्तीच अधिक धोक्याची.

आम्ही शाळेंत असतांना मुलांस घेऊन एकदां जेजुरीस गेलों होतों. पायऱ्यांवरच्या गर्दींत पांचवींतला एक मुलगा दिसेनासा झाला. तीन वेळां शिरगणती केली. तिन्ही वेळां एक कमी. अर्धा तास गेला. तो अर्धा तास आम्ही अजून विसरलों नाहीं. शेवटीं भंडारखोबरें विकणारा एक म्हातारा त्या मुलाचें बोट धरून आमच्या मुक्कामाच्या धर्मशाळेंत आला. मुलगा रडत उभा असतांना म्हाताऱ्यानें त्याच्या सदऱ्याच्या खिशांत हात घातला, आणि तेथें त्यास चिठी मिळाली. प्रत्येक मुलाच्या खिशांत अशी चिठी घालण्याचा आमच्या मुख्याध्यापकांचा दंडक होता. तीवर मुलाचें नांव, शाळेचें नांव आणि मुक्कामाची जागा, एवढेंच लिहिलेलें असे.

त्या दंडकाचा दुसरा अर्धा भाग तरुणपणीं आम्हांस निरर्थक वाटे. सहल संपवून शाळेच्या पटांगणांत परत आलों कीं आईबापांच्या हातीं मूल देण्यापूर्वी तिच्या वा त्याच्या खिशांतली चिठी काढून आम्हीं फाडून टाकावयाची, अशी त्यांची सक्त आज्ञा असे. एकदां आम्हीं विचारलें, “साहेब, कागदाचा कपटा तो, राहिला खिशांत तर काय बिघडलें?” ते म्हणाले, “मास्तर, मूल घरीं पोंचलें. आतां त्याचें नांवगांव जगानें वाचावयाचें कारण संपलें. कारण संपलें कीं कागद संपला पाहिजे.” त्या वाक्याची खरी किंमत आम्हांस आज या पट्ट्याच्या निमित्तानें कळत आहे.

हा केवळ जुन्या मास्तरांचा हेका, असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतच, इलिनॉय राज्यांत, २००८ सालापासून एक कायदा आहे. बोटांचे ठसे, चेहऱ्याची ठेवण असल्या शरीरावरच्या खुणांची नोंद कोणा धंदेवाईक संस्थेस घ्यावयाची असेल, तर ती कशासाठीं व किती दिवस, हें आधीं लेखी सांगावें आणि लेखी संमति घ्यावी. आणि काम झालें कीं, किंवा त्या मनुष्याचा संबंध संपल्यापासून फार तर तीन वर्षांत, ती नोंद नष्ट करावी. म्हणजे काय? सहल संपली, चिठी फाडा. चिठी फाडण्याचाच हा कायदा.

त्याची कसोटीहि एका क्रीडोद्यानावरूनच लागली. शिकागोजवळ गर्नी येथें ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका’ नांवाचें उद्यान आहे. २०१४ सालीं चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सहलीबरोबर तेथें गेला. त्याच्या आईनें त्याच्यासाठीं हंगामी पासाचे पैसे आधींच भरले होते. फाटकाशीं त्याच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेऊन पास तयार करण्यांत आला. मुलगा घरीं आल्यावर आईनें विचारलें, या ठशासंबंधीं कांहीं कागदपत्र दिले का? नाहीं, असें कळल्यावर ती न्यायालयांत गेली. उद्यानाच्या बाजूनें म्हणणें पडलें, कीं मुलाचें नुकसान तें काय झालें? २५ जानेवारी २०१९ रोजीं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं कायद्यानें दिलेला हक्क डावलला गेला, एवढें पुरे आहे. आणखी कांहीं घात होईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. आम्ही कायदेपंडित नाहीं. परंतु मुद्राराक्षसांतली अंगठी ज्यानें डोळ्यांपुढें ठेवली आहे, त्यास या निकालांतील शहाणपण समजावून सांगावें लागणार नाहीं.

आपल्या देशांतहि २०१७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ सालीं संसदेनें माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यांत अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें असून, त्याची माहिती घेण्यास आईबापांची खात्रीलायक संमति सांगितली आहे. काम संपल्यावर माहिती पुसावी, हें तत्त्वहि त्यांत आहे.

यंत्रास हें साधत नाहीं म्हणावें, तर तसेंहि नाहीं. ऑर्लँडोमध्येंच दुसऱ्या एका कंपनीनें, म्हणजे युनिव्हर्सलनें, २५ मे २०१७ रोजीं ‘व्होल्केनो बे’ नांवाचें जलोद्यान उघडलें. तेथेंहि मनगटावर पट्टा बांधीत. पाण्यांत न बिघडणारा. रांगेंत उभें न राहतां नंबर लावावा, पाण्यांत खुशाल डुंबावें, आणि आपली पाळी आली कीं पट्ट्यानें सूचना द्यावी, अशी ती योजना. पण तो पट्टा आंत शिरतांना मिळे आणि बाहेर पडतांना परत द्यावा लागे. त्या कंपनीच्या वहींत काय राहतें हा प्रश्न वेगळा. निदान हातावरची खूण तरी फाटकाशीं उतरे. सोय आणि तिचा शेवट या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात, एवढें यावरून दिसतें.

आतां बाईंच्या प्रश्नाचें उत्तर. आम्ही त्यांच्या जागीं असतों तर सहल मोडली नसती, आणि मुलगी-जांवयांत न्यायाधीशहि झालों नसतों. आम्ही पुढीलप्रमाणें सुचविलें असतें.

मोठ्या माणसांपैकीं ज्यास पट्टा सोयीचा वाटतो त्यानें तो खुशाल बांधावा. किल्ली, पैसे आणि छायाचित्रें एका मनगटावर असलीं म्हणजे सबंध कुटुंबाचें काम भागतें. प्रत्येकाचें मनगट कशास? नातीस केवळ आंत शिरण्याचा हक्क हवा. त्यासाठीं पट्ट्याऐवजीं साधें कार्ड घेण्याची सोय तेथें पहिल्यापासून ठेवलेली आहे. कार्डांत दुरून ओळखला जाणारा प्रक्षेपक नसतो. तें आईच्या पर्समध्यें राहील. फाटकाशीं बोट ठेवण्याचा प्रसंग आला तर तेथेंहि विचारावें. २०१६ सालीं डिस्ने वर्ल्डमध्यें तीन ते नऊ वर्षांच्या मुलांच्याहि बोटांची खूण घेऊं लागले, तेव्हां ज्या आईबापांस तें नको असेल त्यांस मुलाऐवजीं स्वतःचें बोट ठेवण्याची मुभा होती. मुभा असते, पण ती मागणाऱ्यास मिळते, गप्प राहणाऱ्यास नाहीं. आपल्या लोकांस परदेशांत असें विचारावयाचा संकोच वाटतो. तो वाटूं देऊं नये.

दुसरें, लहान मुलाच्या कोणत्याहि परवान्यावर खरेदीची सोय ठेवूं नये. नुसता हात लावून वस्तु मिळते हें सहाव्या वर्षीं शिकलेलें मूल, वस्तूमागें कोणाचे तरी कष्ट असतात हें सोळाव्या वर्षींहि शिकत नाहीं.

तिसरें, घरीं परतल्यावर मोठ्यांनीं आपले पट्टे खात्यांतून काढून टाकावे. पेटींत पडलेला पट्टा निरुपद्रवी वाटतो. पण खात्याशीं जोडलेला असेपर्यंत तो कोणाच्या तरी पानाचा क्रमांक आहेच.

चौथें, नातीच्या फ्रॉकच्या खिशांत एक चिठी घालावी. तीवर आई आणि बाबा या दोघांचे मोबाईल नंबर असावे; नांव नसलें तरी चालेल. हरवलीस तर जागची हलूं नकोस, आणि तेथल्या गणवेशांतल्या माणसास ही चिठी दाखव, असें तिला दोन वेळां सांगून तिच्याकडून म्हणवून घ्यावें. शिरगणती मात्र दर अर्ध्या तासानें करावी. त्यास अजून कोणत्याहि कंपनीनें पर्याय काढलेला नाहीं.

आणि पांचवें. होडींतून परततांना आजीच्या हातावरच्या पट्ट्यामुळें पडद्यावर आजीचें नांव उमटलें, आणि नात आश्चर्यानें म्हणाली, “आजी, त्यांना तुझें नांव कसें कळलें?” तर तो प्रश्न हंसून घालवूं नये. “जादूनें,” असें तर मुळींच सांगूं नये. “माझ्या हातांतल्या पट्ट्यानें सांगितलें, आणि मीं त्याला सांगूं दिलें,” असें सांगावें. सहा वर्षांच्या मुलीस एवढें समजतें. आपलें नांव दुसऱ्यास कळतें तें कोणी तरी सांगितल्यानें, आणि सांगावें कीं न सांगावें हें आपल्या हातीं असतें, ही गोष्ट तिनें आजीच्या तोंडून ऐकली, तर सहलीचा सारा खर्च वसूल झाला असें आम्ही समजूं.

जांवईबापूंस आमचा निरोप सांगावा, कीं सोय घेण्यांत कमीपणा नाहीं. मुलीस सांगावें, कीं तिचा अडखळा बरोबर आहे, पण त्यापायीं सहलीचा विरस करूं नये. आणि घरीं पोंचल्यावर ती चिठी नातीच्याच हातानें फाडवावी.

सहल कशी झाली तें बाईंनीं अवश्य कळवावें.